बुद्धिबळ इंजिन : अल्फा-बीटानंतर कोणते तंत्र आधी जोडावे?

प्यादेबढती :

नमस्कार. बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहीत आहे. खेळ्या तयार करणारा भाग आता भरवशाचा झाला आहे. सुरुवातीच्या स्थितीवर पर्फ्ट चाचणी (ठरावीक खोलीपर्यंतच्या सर्व खेळी-क्रमांची मोजणी) घेतली असता पाचव्या पातळीला ४८,६५,६०९ आणि सहाव्या पातळीला ११,९०,६०,३२४ हे आकडे बरोबर येतात, आणि किल्लेकोट, एन पासां (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने मारणे) व प्याद्याची बढती यांचा कस लावणाऱ्या चाचणी-स्थितींतही तफावत उरलेली नाही. त्यावर नेगामॅक्स पद्धतीने (दोन्ही बाजूंचे गुण एकाच सूत्राने, चिन्ह उलटवून मोजत) लिहिलेला अल्फा-बीटा शोध, म्हणजे निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या सोडून देणारा शोध, आहे. मूल्यमापन साधे आहे : सोंगट्यांची किंमत आणि कोणती सोंगटी कोणत्या घरात शोभते याचे तक्ते, एवढेच.

शोध ठरावीक खोलीपर्यंत जाऊन थांबतो. सहा प्लायपर्यंतचे (प्लाय म्हणजे एका बाजूची एक खेळी) उत्तर लवकर मिळते, सातव्या प्लायला तो फार रेंगाळतो. त्याच संगणकावर एखादे नामांकित इंजिन चालवले, तर ते काही सेकंदांत पंचविसाच्या पुढची खोली दाखवते. संगणक तोच असल्यामुळे हा फरक शोधाच्या तंत्रातलाच असणार हे उघड आहे, परंतु तंत्रांची यादी पाहिली की कुठून हात घालावा ते कळत नाही : ट्रान्सपोझिशन टेबल (आधी पाहिलेल्या स्थितींचे निकाल साठवणारा तक्ता), किलर मूव्ह, नल मूव्ह, एलएमआर (लेट मूव्ह रिडक्शन), फ्युटिलिटी (गुण वाढण्याची आशा नसलेल्या खेळ्या सोडणे), सिंग्युलर एक्स्टेन्शन, पीव्हीएस (प्रिन्सिपल व्हेरिएशन सर्च). यांतले कोणते कशावर अवलंबून आहे आणि कोणत्या क्रमाने ती जोडावीत?

आणखी एक लक्षण सांगतो. प्रोग्राम अधूनमधून सरळ वजीर घालवतो, आणि असे बहुधा शोधाच्या शेवटच्या प्लायला प्यादे मारल्यावर घडते. शेवटची शंका अशी की अल्फाझीरो या स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामने माँटे कार्लो वृक्षशोध (फांद्यांचे नमुने घेऊन त्यांच्या सरासरीवर चालणारा शोध) वापरला असताना नव्याने सुरुवात करणाऱ्याने अल्फा-बीटाच्या वाटेने जाणे अजूनही योग्य आहे का?

अडीचघर :

तंत्रांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एक प्रमाण मोजा : बीटा-कटऑफ (एक खेळी इतकी चांगली निघते की प्रतिस्पर्धी ती स्थिती येऊच देणार नाही, म्हणून उरलेल्या खेळ्या सोडणे) जितक्या वेळा होतो, त्यांपैकी किती वेळा तो पहिल्याच खेळीवर होतो? चांगल्या इंजिनांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते. ते बरेच कमी असेल, तर दुखणे खेळ्यांच्या क्रमात आहे, आणि ते बरे केल्याशिवाय पुढचे कोणतेही तंत्र पुरता उपयोग देणार नाही.

याचे कारण गणितात आहे. डोनाल्ड क्नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली अल्फा-बीटाचे जे विश्लेषण केले, त्यानुसार प्रत्येक नोडवर, म्हणजे शोधातल्या प्रत्येक स्थितीवर, सर्वोत्तम खेळी पहिली तपासली गेली तर पाहाव्या लागणाऱ्या शेवटच्या स्थितींची संख्या, खोली सम असेल तेव्हा, फांद्यांच्या (एका स्थितीतल्या खेळ्यांच्या) संख्येच्या, खोलीच्या निम्म्याएवढ्या घाताच्या दुपटीतून एक वजा केल्यावर येते तेवढी असते. सरासरी ३५ खेळ्या धरल्या, तर सहा प्लायसाठी संपूर्ण मिनिमॅक्सला (काहीही न सोडता सर्व खेळ्या तपासणाऱ्या शोधाला) १,८३,८२,६५,६२५ स्थिती पाहाव्या लागतात, आणि आदर्श क्रम असलेल्या अल्फा-बीटाला फक्त ८५,७४९. खेळ्या उलट्या क्रमाने तपासल्या गेल्या, तर त्याच अल्फा-बीटाची बचत शून्य होते. तुमचा प्रोग्राम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तो कुठे आहे हे फक्त क्रम ठरवतो.

सातव्या प्लायला तो अडखळतो, यात थोडा भाग विषम-सम खोलीचाही आहे. सात प्लायसाठी आदर्श आकडा १५,४३,४९९ येतो, म्हणजे सहाच्या मानाने अठरापट. आठसाठी तो ३०,०१,२४९ आहे, म्हणजे सातच्या दुपटीपेक्षाही कमी. क्रम सुधारला की ही पायरी-पायरीची वाढ तुम्हाला स्पष्ट दिसू लागेल, आणि मग फक्त विषम खोलीचे आकडे पाहून निराश होण्याचे कारण उरणार नाही.

क्रम असा लावावा. सर्वांत आधी ट्रान्सपोझिशन टेबलमधून आलेली खेळी. त्यानंतर फायद्याच्या मारण्याच्या खेळ्या, आणि त्यांत मोठी सोंगटी छोट्या सोंगटीने मारणारी खेळी पुढे; म्हणजे प्याद्याने वजीर मारणे पहिले आणि वजिराने प्यादे मारणे सर्वांत शेवटी. याच क्रमाला एमव्हीव्ही-एलव्हीए म्हणतात. त्यानंतर त्याच प्लायवर शेजारच्या फांदीत कटऑफ देऊन गेलेल्या दोन शांत खेळ्या, म्हणजेच किलर. उरलेल्या शांत खेळ्या हिस्टरी तक्त्यानुसार, म्हणजे त्या घरातून त्या घरात जाणारी खेळी आजवरच्या शोधात किती वेळा कटऑफला कारण झाली या हिशेबाने. हिस्टरीची ही कल्पना जोनाथन शेफर यांनी १९८३ साली मांडली, आणि आजची इंजिने तिचीच विस्तारित रूपे वापरतात.

ठरावीक खोलीचा शोधही बदला. एक प्लाय, दोन प्लाय, तीन प्लाय असे टप्प्याटप्प्याने खोल जा. आधीचे सगळे टप्पे वाया जातात असे वरवर वाटते, पण चांगल्या क्रमात प्रत्येक टप्पा मागच्याच्या साधारण सहापट मोठा धरला, तर मागच्या सगळ्या टप्प्यांची बेरीज शेवटच्या टप्प्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच होते. त्या बदल्यात प्रत्येक नोडसाठी मागच्या टप्प्यातली सर्वोत्तम खेळी हाताशी असते, आणि क्रमाला यापेक्षा चांगला आधार नाही. शिवाय घड्याळ संपत आले की शोध मध्येच थांबवून शेवटच्या पूर्ण टप्प्याची खेळी देता येते.

एक पडताळणी मात्र छाटणीची कोणतीही जोखीम घेण्यापूर्वी कराच. शुद्ध अल्फा-बीटा तेच गुण देतो जे मिनिमॅक्स देतो, मग खेळ्यांचा क्रम कसाही असो. म्हणून टेबल आणि छाटणी बंद ठेवून खेळ्या मुद्दाम विस्कळीत क्रमाने तपासा. नोडची संख्या बदलेल, पण मुळाशी, म्हणजे शोध जिथून सुरू होतो त्या स्थितीला, येणारे गुण एका अंकानेही बदलता कामा नयेत. ते बदलले, तर शोधाच्या गाभ्यातच दोष आहे आणि पुढचे सगळे बांधकाम त्यावर उभे राहणार नाही.

तिरका उंट :

अडीचघर यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एका बाबतीत क्रम बदलू इच्छितो : वजीर घालवणारा प्रोग्राम आधी दुरुस्त करावा, कारण चुकीच्या गुणांवर आधारलेला शोध कितीही वेगाने चालला तरी चुकीचेच उत्तर वेगाने देतो. इथे क्वायसेन्स सर्चला (मारामारी शांत होईपर्यंतच्या शोधाला) पर्याय नाही.

नेमके काय घडते ते पाहा. काळ्याचे प्यादे डी५ वर आहे आणि ई६ वरचे दुसरे प्यादे त्याला जोर देत आहे. शोधाच्या शेवटच्या प्लायला पांढरा वजीर डी५ वरचे प्यादे मारतो, खोली संपते, मूल्यमापन होते आणि पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त दिसते. पुढच्याच खेळीला ई६ वरचे प्यादे वजीर मारणार आहे आणि हिशेब आठ प्याद्यांच्या तोट्यात जाणार आहे, हे शोधाला दिसतच नाही. दृष्टीच्या कडेवर होणाऱ्या या फसगतीला हान्स बर्लिनर यांनी १९७३ साली क्षितिज-परिणाम असे नाव दिले.

यावरचा उपाय असा की खोली संपली तरी लगेच मूल्यमापन न करता मारामारी संपेपर्यंत फक्त मारण्याच्या खेळ्या पाहत राहायचे. त्यातही बाजूला 'आहे तिथे थांबण्याचा' पर्याय असतो : आधी स्थिर मूल्यमापन करायचे, ते बीटापेक्षा (प्रतिस्पर्धी मिळू देईल त्या कमाल गुणांपेक्षा) जास्त असेल तर परतायचे, अल्फापेक्षा (आतापर्यंत खात्रीने मिळालेल्या गुणांपेक्षा) जास्त असेल तर अल्फा वर उचलायचा, आणि मगच मारण्याच्या खेळ्यांकडे वळायचे. कोणावरही मारण्याची सक्ती नसते, म्हणून हे गृहीतक योग्य ठरते. राजाला शह असताना मात्र थांबण्याचा पर्याय देऊ नये. तेव्हा शहातून सुटण्याच्या सर्व खेळ्या पाहाव्यात, नाहीतर मात होणाऱ्या स्थितीलाही प्रोग्राम सुरक्षित समजेल.

हा शोध हाताबाहेर जाऊ नये म्हणून दोन लगाम पुरतात. एक, एखाद्या घरावरची पूर्ण मारामारी कागदावर मांडावी तशी मोजून तोट्याच्या खेळ्या सोडून देणे. वरच्या उदाहरणातली वजिराची खेळी इथेच गळते. दोन, मारल्या जाणाऱ्या सोंगटीची किंमत आणि थोडी सवलत मिळवूनही अल्फापर्यंत पोहोचता येत नसेल तर ती खेळी न पाहणे. अंतिम टप्प्यात दुसरा लगाम सैल करावा, कारण तिथे शेवटचे प्यादे मारले जाण्याने डाव बरोबरीत सुटू शकतो आणि किंमतीचा साधा हिशेब खोटा पडतो.

क्षितिज-परिणामाचे दुसरे रूप क्वायसेन्सनेही जात नाही, हे माहीत असावे. उंट अडकला आहे आणि तो पुढे कधीतरी जाणारच आहे. अशा वेळी प्रोग्राम एखादे प्यादे देऊन किंवा शह देऊन ते नुकसान दोन प्लाय पुढे ढकलतो, ते खोलीच्या पलीकडे गेले की उंट वाचला असे समजतो, आणि त्या समजापायी आणखी एक प्यादे देतो. १९७२ साली रेक्याविकच्या पहिल्या डावात फिशरच्या उंटाने एच२ वरचे प्यादे मारले आणि जी३ नंतर तो उंट अडकला, तशा प्रकारच्या स्थिती यासाठी तपासून पाहण्यासारख्या आहेत. शह असताना एक प्लाय वाढवणे आणि एकूण खोली वाढणे यांनी हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

प्यादेबढती :

दोघांचेही मनापासून आभार. क्वायसेन्स जोडल्यावर वजीर घालवणे थांबले, आणि क्रम लावल्यावर नोडची संख्या इतकी घटली की आधीच्या शोधाचा बहुतेक वेळ निरर्थक फांद्यांत जात होता हे स्पष्ट दिसले. त्यानंतर ट्रान्सपोझिशन टेबल जोडले आणि एक नवे कोडे उभे राहिले. प्रोग्राम 'दोन खेळ्यांत मात' दाखवतो, खेळी करतो, पुढच्या वेळी पुन्हा 'दोन खेळ्यांत मात' दाखवतो, आणि असे करत स्थितीची पुनरावृत्ती होऊन डाव बरोबरीत सुटतो. टेबल बंद केले की मात व्यवस्थित होते. टेबलमध्ये नेमके काय साठवावे?

सातवी रांग :

हे लक्षण नेमके आहे, आणि त्याची दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिले कारण मातेच्या गुणांचे. मातेला ३०,००० गुण धरले आणि मुळापासूनचे प्लाय वजा केले, म्हणजे जवळची मात लांबच्या मातेपेक्षा जास्त गुणांची ठरते. समजा, मुळापासून पाचव्या प्लायवर एक स्थिती आली आणि तिथून तीन प्लायांत, म्हणजे आठव्या प्लायवर, मात होते. शोधात तिचे गुण २९,९९२ येतील. हेच गुण जसेच्या तसे टेबलमध्ये ठेवले आणि तीच स्थिती नंतर तिसऱ्या प्लायवर आढळली, तर टेबल पुन्हा २९,९९२ सांगेल, वास्तविक तिथे मात सहाव्या प्लायवर असल्यामुळे गुण २९,९९४ हवेत. म्हणून साठवताना गुण त्या स्थितीपासूनच्या अंतरात बदलावेत : २९,९९२ मध्ये ५ मिळवून २९,९९७ ठेवावेत, आणि वाचताना चालू प्लाय वजा करावा, २९,९९७ वजा ३ म्हणजे २९,९९४. मात आपल्यावर होत असेल तर चिन्हे उलटी होतात. हा बदल फक्त मातेच्या आसपासच्या गुणांना लागू करावा, साध्या गुणांना हात लावू नये.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. टेबलला स्थिती कळते, तिथपर्यंतची वाट कळत नाही. म्हणून प्रत्येक नोडवर आधी पुनरावृत्ती आणि पन्नास खेळ्यांचा नियम तपासावा, आणि मगच टेबलकडे पाहावे. शोधाच्या आत एखादी स्थिती एकदाच पुन्हा आली तरी ती बरोबरी धरावी. तिसऱ्या वेळेची वाट पाहण्यात खोली वाया जाते. वाटेवर अवलंबून असलेले गुण टेबलमध्ये शिरतातच, आणि हा प्रश्न पूर्णपणे सोडवणे इतके महाग आहे की व्यवहारात इंजिने तो काही प्रमाणात सहन करतात. मुख्य ओळीच्या (दोन्ही बाजूंच्या सर्वोत्तम खेळ्यांच्या मालिकेच्या) नोडवर टेबलचे गुण घेऊन थेट परतू नये आणि तिथे फक्त टेबलची खेळी वापरावी, एवढ्याने त्याचा त्रास बराच कमी होतो.

प्रत्येक नोंदीत स्थितीची किल्ली, खोली, गुण, गुणांचा प्रकार आणि सर्वोत्तम खेळी एवढे असावे. प्रकार महत्त्वाचा आहे, कारण अल्फा-बीटा बहुतेक वेळा नेमके गुण सांगतच नाही. बीटा-कटऑफ झाला तर मिळालेले गुण ही खालची मर्यादा असते, एकही खेळी अल्फापर्यंत पोहोचली नाही तर ती वरची मर्यादा असते. मर्यादेला नेमके गुण समजून वापरणे ही चूक इतकी शांतपणे घडते की प्रोग्राम बरा खेळत राहतो आणि दोष महिनोनमहिने सापडत नाही.

किल्लीसाठी अल्बर्ट झोब्रिस्ट यांची १९७० सालची पद्धत वापरा. बारा प्रकारच्या सोंगट्या गुणिले चौसष्ट घरे म्हणजे ७६८, खेळणाऱ्या बाजूचा एक, किल्लेकोटाच्या हक्कांचे चार आणि एन पासांच्या स्तंभांचे आठ, असे एकूण ७८१ यादृच्छिक ६४-बिट आकडे घ्यायचे आणि लागू असलेले सर्व एक्सॉर (बिटनिहाय फरक घेणारी क्रिया) करायचे. घोडा जी१ वरून एफ३ वर गेला तर जुन्या घराचा आकडा, नव्या घराचा आकडा आणि बाजूचा आकडा अशी तीनच एक्सॉर पुरतात, संपूर्ण पट पुन्हा मोजावा लागत नाही. एन पासांचा आकडा मात्र ते प्यादे खरोखर मारता येत असेल तेव्हाच मिसळा, नाहीतर एकच स्थिती दोन वेगळ्या किल्ल्यांखाली जाते आणि पुनरावृत्ती ओळखली जात नाही. किल्ल्यांची टक्कर दुर्मीळ असली तरी होते, म्हणून टेबलमधून आलेली खेळी त्या स्थितीत शक्य आहे का हे तपासल्याशिवाय पटावर करू नका.

टेबल नीट चालते का हे पाहण्यासाठी इंजिन लिहिणाऱ्यांत 'फाइन ७०' या नावाने ओळखली जाणारी स्थिती द्या. पांढऱ्याचा राजा ए१ वर, प्यादी ए४, डी४, डी५ आणि एफ४ वर, काळ्याचा राजा ए७ वर, प्यादी ए५, डी६ आणि एफ५ वर, खेळी पांढऱ्याची. जिंकणारी खेळी राजा बी१ ही आहे. प्यादी एकमेकांत अडकलेली असल्यामुळे फक्त राजेच फिरतात, त्याच त्या स्थिती वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा येतात, आणि टेबल बरोबर असेल तर खोली भराभर वाढत जाऊन ही खेळी सापडते. टेबलशिवाय प्रोग्राम तिथे अडकून पडतो.

हत्तीघर :

पंचविसाच्या पुढच्या खोलीबद्दल अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. तो आकडा नाममात्र असतो. मुख्य ओळ तेवढी किंवा त्याहून खोल पाहिलेली असते, पण बहुसंख्य फांद्या त्याच्या अर्ध्यापर्यंतही पोहोचत नाहीत. क्लॉड शॅनन यांनी १९५० सालच्या आपल्या लेखात दोन प्रकार सांगितले होते : सर्व खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत पाहणारा पहिला आणि निवडक खेळ्याच पाहणारा दुसरा. दुसऱ्या प्रकारात अडचण अशी होती की खेळी न पाहता ती टाकाऊ आहे हे ठरवायचे कसे. आजची इंजिने कोणतीही खेळी सहसा सुरुवातीलाच फेकून देत नाहीत. ती आधी उथळ पाहतात आणि शंका आली तरच खोल पाहतात. नल मूव्ह आणि एलएमआर ही दोन्ही तंत्रे याच विचाराची आहेत, आणि नोडमधली सर्वांत मोठी बचत त्यांच्यातूनच येते.

नल मूव्हमध्ये आपण आपली खेळी सोडून देतो आणि प्रतिस्पर्ध्याला सलग दोनदा खेळू देतो. तरीही कमी खोलीच्या शोधात गुण बीटाच्या वर राहत असतील, तर खरी खेळी केल्यावर ते नक्कीच वर असतील असे मानून तिथूनच परततो. खोली दोन किंवा तीन प्लायांनी जास्तीची कमी करतात. ख्रिस्तियान डोनिंगर यांच्या १९९३ सालच्या लेखानंतर हे तंत्र सर्वत्र रुळले. शह असताना ते वापरता येत नाही, कारण खेळी सोडली तर राजाच मारला जाईल, आणि लागोपाठ दोन नल मूव्ह करू नयेत.

त्याचे संपूर्ण गृहीतक असे आहे की खेळी करण्याचा हक्क हा नेहमी फायदाच असतो. झुगझ्वांगमध्ये, म्हणजे खेळी करणेच तोट्याचे असते तेव्हा, ते मोडते. पांढऱ्याचा राजा एफ५ वर आणि प्यादे ई४ वर, काळ्याचा राजा डी४ वर आणि प्यादे ई५ वर अशी स्थिती मांडून पाहा. ज्याची खेळी असेल त्याला आपल्या प्याद्याजवळून राजा हलवावा लागतो आणि ते प्यादे जाते. पांढऱ्याची पाळी असताना नल मूव्ह केला की पाळी काळ्यावर जाते, काळा प्यादे गमावतो, आणि शोध समजतो की पांढरा जिंकतो आहे. वास्तविक तो हरत असतो. म्हणून खेळणाऱ्या बाजूकडे राजा आणि प्यादी सोडून एखादी तरी सोंगटी असल्याशिवाय नल मूव्ह करू नये. वर सांगितलेल्या 'फाइन ७०' वर ही अट काढून चाचणी घेतली, तर गुणांवर विश्वास ठेवता येणार नाही. अधिक सावधपणा हवा असेल, तर कटऑफ स्वीकारण्यापूर्वी खऱ्या खेळ्यांनी कमी खोलीवर पडताळणी करण्याचीही पद्धत आहे.

एलएमआरबद्दल माझे मत ठाम आहे : क्रम नीट बसेपर्यंत त्याला हात लावू नका. यादीत उशिरा येणाऱ्या शांत खेळ्या बहुधा निरुपयोगी असतात, म्हणून त्या एक-दोन प्लाय कमी पाहायच्या आणि त्यांतली एखादी अल्फा ओलांडताना दिसली तर पूर्ण खोलीने पुन्हा पाहायची, एवढीच ही कल्पना आहे. ती सर्वस्वी 'उशिरा येणारी खेळी वाईट असते' या भरवशावर उभी आहे. क्रम विस्कळीत असेल तर चांगल्याच खेळ्या उथळ पाहिल्या जातात, बलिदाने दिसेनाशी होतात, आणि दोष मूल्यमापनावर ढकलला जातो. मारण्याच्या खेळ्या, बढती, किलर आणि आपण शहात असतानाच्या खेळ्या सुरुवातीला यातून वगळा. किती प्लाय कमी करायचे हे खोली आणि खेळीचा क्रमांक या दोन्हींच्या लॉगरिदमवरून ठरवणे पुढे रुळले आहे. फ्रूट या इंजिनाचा कोड २००५ च्या सुमारास लोकांनी वाचला, तेव्हापासून हे तंत्र झपाट्याने पसरले.

पीव्हीएस यांच्या आधी जोडा. पहिली खेळी पूर्ण खिडकीने (अल्फा ते बीटा एवढ्या मर्यादेत) पाहायची आणि बाकीच्या खेळ्या 'अल्फापेक्षा चांगली आहे का' एवढाच प्रश्न विचारणाऱ्या शून्य रुंदीच्या खिडकीने. एलएमआरची पुनर्तपासणी याच रचनेत नीट बसते. फ्युटिलिटी पानांजवळच्या, म्हणजे शोधाच्या टोकाजवळच्या, नोडपुरती आहे आणि ती नंतर सवडीने आली तरी चालते. सिंग्युलर एक्स्टेन्शन सर्वांत शेवटी. एकच खेळी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे चांगली असेल तर ती अधिक खोल पाहायची, ही डीप थॉट या बुद्धिबळ-संगणकाच्या गटाची कल्पना प्रभावी आहे, पण तिचे आजचे रूप टेबलमधल्या खेळीवर आणि गुणांवर इतके विसंबून आहे की ते सगळे पक्के नसेल तर ती वेळ खाण्यापलीकडे काही करत नाही.

तिरका उंट :

माँटे कार्लोच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोबद्दल जे प्रसिद्ध झाले, त्यात ते सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होते आणि अल्फा-बीटावर चालणारे स्टॉकफिश हे इंजिन सुमारे ७ कोटी. इतक्या कमी स्थितींत चांगले उत्तर मिळाले, कारण कोणती खेळी पाहण्यासारखी आहे आणि स्थिती कोणाच्या बाजूने झुकली आहे हे दोन्ही शिकलेले न्यूरल नेटवर्क सांगत होते. ते नेटवर्क काढून तिथे तुमचे सोंगट्यांच्या किंमतीचे तक्ते बसवले, तर माँटे कार्लो शोध अल्फा-बीटापेक्षा बराच दुबळा पडेल. सरासरीवर चालणाऱ्या शोधात एकच नेमके उत्तर असलेला डावपेच दिसायला वेळ लागतो, आणि बुद्धिबळात असे सापळे पावलोपावली असतात.

दुसरीकडे, न्यूरल नेटवर्कसाठी अल्फा-बीटा सोडावा लागत नाही. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी (जपानी बुद्धिबळासाठी) मांडलेली न्यूरल नेटवर्कची एनएनयूई पद्धत सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ मध्ये आली. एका खेळीने पटावरच्या दोन-तीनच गोष्टी बदलतात, म्हणून नेटवर्कचा पहिला थर पुन्हा पूर्ण न मोजता तेवढाच फरक मिळवता-वजा करता येतो. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवरही अल्फा-बीटाच्या वेगाला फारसे मागे ओढत नाही. तुम्ही आज जो शोध नीट बसवाल, तोच उद्या त्या मूल्यमापनाखालीही चालेल.

सातवी रांग :

चाचणीबद्दल एक मुद्दा जोडतो, कारण इथून पुढे प्रत्येक बदल त्यावरच ठरणार आहे. छाटणी सुरू झाली की 'गुण तेच आले पाहिजेत' ही कसोटी संपते, आणि नोड कमी झाले म्हणजे प्रोग्राम सुधारला असेही म्हणता येत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी जलद डाव खेळवूनच निर्णय होतो, आणि त्यासाठी डाव पुष्कळ लागतात. १०० डावांत, बरोबऱ्या कमी असतील तर, निकालाची अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे ६० ते ७० इलो (खेळाच्या ताकदीचे मानांकन-गुण) असते. ५ इलोपर्यंतचा फरक विश्वासाने ओळखायचा तर डावांची संख्या १५ ते २० हजारांच्या घरात जाते. एलएमआरच्या सूत्रातला एखादा आकडा बदलल्याने होणारी सुधारणा बहुधा याच आकाराची असते, म्हणून वीस-पंचवीस डाव पाहून कोणताही बदल ठेवू किंवा काढू नका.

डावांची संख्या आधी ठरवून ठेवण्यापेक्षा क्रमवार संभाव्यता-गुणोत्तर चाचणी, म्हणजे एसपीआरटी, वापरा. पुरावा पुरेसा झाला की ती स्वतःच थांबते, आणि वाईट बदल लवकर बाद होतात. स्टॉकफिशची फिशटेस्ट ही चाचणी-यंत्रणा २०१३ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर याच तत्त्वाने चालते. डाव ठरावीक विविध सुरुवातींपासून खेळवा आणि प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी द्या, नाहीतर दोन जवळपास सारख्या आवृत्त्या तेच तेच डाव खेळत बसतील.

प्यादेबढती :

मातेचे गुण आणि एन पासांची किल्ली हे दोन्ही दुरुस्त केले. आता दाखवलेली मात होते. पीव्हीएस, नल मूव्ह आणि एलएमआर याच क्रमाने, एका वेळी एकच बदल करून आणि प्रत्येकाची एसपीआरटी घेऊन जोडेन. एक छोटी शंका उरली आहे : हिस्टरी तक्त्यातले आकडे लांब शोधात फार मोठे होतात आणि जुन्या स्थितींतल्या खेळ्याच वर राहतात. प्रत्येक खेळीनंतर तक्ता कोरा करावा का?

अडीचघर :

कोरा करू नका, त्यात मिळवलेली माहिती जाते. नवा शोध सुरू होताना सगळे आकडे निम्मे करणे हा सोपा मार्ग आहे. त्याहून चांगला मार्ग असा की वाढ देतानाच तिला मर्यादा घालावी : खोलीच्या वर्गाएवढी वाढ द्यायची, पण जुना आकडा ठरवलेल्या कमाल आकड्याच्या जितका जवळ असेल त्या प्रमाणात त्यातून वजाही करायचे. मग आकडा कमालीच्या पलीकडे जाऊच शकत नाही आणि ताज्या निकालांना आपोआप जास्त वजन मिळते. त्याचबरोबर कटऑफ देणाऱ्या खेळीच्या आधी तपासलेल्या आणि निष्फळ ठरलेल्या शांत खेळ्यांना तेवढीच घट द्या. ही घट बरेच जण विसरतात, पण तिच्यामुळेच वाईट खेळ्या यादीत खाली जातात, आणि एलएमआर जोडल्यावर कोणती खेळी उथळ पाहायची हे त्याच यादीवरून ठरणार आहे.